करारात सुरक्षा-अभ्यासाची अट कशी लिहावी

बडोदे परिसरातल्या नंदेसरी, मकरपुरा, सावली, वाघोडिया, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या नव्या प्लांटचा करारनामा उघडला, की त्यात एक वाक्य हमखास सापडते: ‘ठेकेदाराने सुरक्षेसंबंधीच्या सर्व कायद्यांचे व नियमांचे काटेकोर पालन करावे.’ वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून कोणी काय करायचे ते कळत नाही. कोणत्या धोक्याचा अभ्यास करायचा, तो कोणी आणि आराखडा कोणत्या टप्प्यावर असताना करायचा, त्यातून निघालेल्या शिफारशींचा खर्च कोणी सोसायचा आणि शिफारस खरोखर अमलात आली हे कोणी तपासायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. मग प्लांट उभा राहत आल्यावर घाईघाईने एखाद्या सल्लागाराकडून जाडजूड अहवाल करून घेतला जातो, तो फाइलला लागतो आणि त्यातल्या कित्येक शिफारशींवर ‘पुढील शटडाऊनमध्ये पाहू’ असा शेरा पडतो.

बडोद्यात प्रकल्प, खरेदी किंवा सुरक्षा विभागात काम करणारे अनेक मराठी अभियंते करार इंग्रजीत लिहितात आणि त्यावरची खरी बोलणी मराठी-गुजराती-हिंदीत करतात. त्यांनी इंग्रजी मसुदा हातात घेण्याआधी आपल्याला नेमके काय हवे ते आपल्याच भाषेत, साध्या वाक्यांत लिहून काढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. करारातून नुसता अहवाल मागितला तर अहवालच मिळतो. मागायचे असते ते त्यातल्या शिफारशी पुऱ्या होणे, आणि पुढची सगळी कलमे याच हेतूने लिहायची असतात.

पहिली पायरी: अभ्यास कोणता, ते नावानिशी लिहा

‘आवश्यक ते सुरक्षा-अभ्यास करावेत’ असे लिहिले की आवश्यक म्हणजे काय यावर पुढे भांडण होते. म्हणून प्रत्येक अभ्यासाचे नाव, तो कोणत्या मानकाप्रमाणे करायचा आणि प्लांटच्या कोणत्या भागाला लागू आहे, हे एका परिशिष्टात लिहावे.

प्रकल्पाची कल्पना कागदावर येते तेव्हा हॅझिड, म्हणजे धोक्यांची प्राथमिक ओळख, पुरते. जागा योग्य आहे का, शेजारी काय आहे, कच्चा माल कोणता आणि किती साठवायचा, हे त्यात पाहतात. पाइपलाइन, व्हॉल्व्ह आणि उपकरणे दाखवणारा पी अँड आय डी तयार झाला की हॅझॉप, म्हणजे आराखड्याचा एकेक भाग घेऊन तिथे ठरल्यापेक्षा वेगळे काय घडू शकते (विचलन), का घडेल आणि त्याचा परिणाम काय, हे संघाने बैठकीत तपासणे. रसायन उद्योगात १९६० च्या दशकात इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीत रुजलेली ही पद्धत आज आय.ई.सी. ६१८८२ या मानकात बांधलेली आहे, त्यामुळे करारात या मानकाचा क्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष दोन्ही घालावीत. भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १५६५६ : २००६ हे धोका ओळख आणि जोखीम विश्लेषणाचे मानकही सोबत नमूद करावे. हॅझॉपमध्ये ज्या घटनांचे परिणाम गंभीर निघतात, त्यांच्यासाठी संरक्षणाचे किती थर आहेत आणि ते पुरेसे आहेत का, हे तपासणारा लोपा अभ्यास लागतो. क्लोरीन, अमोनिया यांसारखे विषारी वायू किंवा ज्वालाग्राही द्रवांच्या मोठ्या टाक्या असतील, तर वायू किती दूर जाईल आणि कोणाच्या जिवाला किती धोका आहे, याचे आकडेवार जोखीम विश्लेषण करावे लागते.

या शेवटच्या अभ्यासाबाबत एक गोष्ट बहुतेक करारांतून सुटते. जोखमीचा आकडा निघाला, पण तो किती असला म्हणजे चालेल हे करारात लिहिलेच नसेल, तर प्रत्येक पक्ष आपल्या सोयीने निष्कर्ष काढतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००१ साली मांडलेले निकष जगभर वापरले जातात. कामगाराच्या मृत्यूची जोखीम वर्षाला हजारात एक आणि बाहेरच्या नागरिकाची दहा हजारांत एक, ही सहन करण्याची कमाल मर्यादा, आणि दहा लाखांत एकच्या खाली गेली तर ती सर्वसाधारणपणे स्वीकारार्ह. हे निकष घ्या किंवा आपल्या कंपनीचे घ्या, पण ते निविदेच्या कागदपत्रांतच द्या. हॅझॉपसाठी वापरायचा जोखीम-तक्ताही, म्हणजे घटनेची शक्यता आणि परिणाम यांवरून जोखमीचा वर्ग रंगाने दाखवणारा तक्ता, मालकाचाच असावा. ठेकेदाराने आपला तक्ता आणला, की त्याला खर्चिक वाटणाऱ्या गोष्टी त्यात आपोआप खालच्या रंगात जातात.

सुरक्षा-अभ्यास ही केवळ रसायन कारखान्यांची बाब मानली जाते, ते मला पटत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बडोद्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि जीवनरक्षक जाकिटे सर्वांच्या अंगात नव्हती. तलाव, उद्यान, पाळणे, रोपवे यांचा ठेका देताना भाडे आणि मुदत यांच्याबरोबरच बोटीची भार-चाचणी, प्रत्येक वयाच्या मापाची जाकिटे, बचाव-नौका आणि चालकाचे प्रशिक्षण यांचा धोका-अभ्यास झाल्याशिवाय एकही तिकीट फाडता येणार नाही, अशी अट हवी. असा अभ्यास चार पानांत होतो. अट नसेल तर तो होतच नाही.

अभ्यासाच्या कक्षेत आपल्या गावाचे धोके घालायला विसरू नये. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोदे शहरात शिरले. पुराच्या वेळी कारखान्यात काय होते? वीज जाते, तळमजल्यावरचा जनरेटर पाण्याखाली जातो, रिकामी किंवा अर्धवट भरलेली टाकी पायापासून उचलली जाऊन तरंगू लागते आणि तिचे पाइप तुटतात, आणि पाण्याशी संयोग होऊन पेटणारी रसायने गोदामाच्या खालच्या फळीवर असतात. परदेशी तंत्रज्ञान-पुरवठादाराने तयार केलेल्या नमुना अभ्यासात यातले बहुधा काहीच नसते, म्हणून पूर, वीज पडणे आणि उन्हाळ्यातले कमाल तापमान ही तीन नावे कार्यकक्षेत स्पष्ट लिहावीत.

दुसरी पायरी: वेळ उलट्या क्रमाने मोजा

‘हॅझॉप करारापासून सहा महिन्यांत’ असे लिहिण्यात अर्थ नाही, कारण सहा महिन्यांनी आराखडा कुठे असेल हे कोणालाच माहीत नसते. अट आराखड्याच्या टप्प्याशी बांधावी: पी अँड आय डी मालकाने तपासून मंजूर केल्यानंतर, पण मुख्य रिॲक्टर, व्हॉल्व्ह आणि नियंत्रण-प्रणाली यांच्या खरेदीचे आदेश निघण्यापूर्वी. खूप आधी केला तर अभ्यासाला पुरेसे तपशील नसतात. खूप उशिरा केला तर प्रत्येक शिफारशीला ‘आता माल आला आहे’ हे उत्तर तयार असते.

कायद्याची मुदतही यात धरावी लागते. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायने असलेल्या जागी काम सुरू करण्यापूर्वी किमान ९० दिवस सुरक्षा-अहवाल संबंधित अधिकाऱ्याकडे पोहोचलेला असावा लागतो. मोठा फेरबदल करतानाही सुधारित अहवाल तितकेच दिवस आधी द्यावा लागतो. म्हणजे ठेकेदाराचा अभ्यास प्लांट सुरू होण्याच्या आदल्या महिन्यात हाती आला, तर मालकाला तीन महिने थांबावे तरी लागेल किंवा नियम तरी मोडावा लागेल. म्हणून वेळापत्रकात सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजत यावे: नव्वद दिवस अहवाल सादर करण्याचे, त्याआधी अहवाल लिहिण्याचे, त्याआधी शिफारशींवर निर्णय घेण्याचे आणि त्याआधी बैठकांचे. असे मोजत गेले की हॅझॉपची तारीख वाटते त्याहून फार अलीकडे येते.

कायद्याचा उल्लेख करताना एक काळजी घ्यावी. जुन्या मसुद्यांत ‘कारखाना अधिनियम, १९४८’ असे ठोकून लिहिलेले असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे आणि वर सांगितलेले १९८९ चे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालचे आहेत. त्यामुळे कायद्यांची नावे द्यावीत, पण त्यांपुढे ‘किंवा त्यांच्या जागी वेळोवेळी लागू होणारा कायदा’ हे शब्द जोडावेत.

तिसरी पायरी: अभ्यास कोण करणार

ज्याने आराखडा केला त्यानेच त्यातले दोष शोधण्याच्या बैठकीचे अध्यक्षपद घेऊ नये. करारात लिहावे, की हॅझॉपचा अध्यक्ष ठेकेदाराच्या आणि आराखडा-सल्लागाराच्या नोकरीत नसेल, त्याचे नाव मालक मंजूर करील आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्याला बदलता येणार नाही. त्याची फी ठेकेदाराच्या हातून गेली तरी चालेल, पण अहवाल त्याने दोन्ही पक्षांना एकाच दिवशी द्यावा. ठेकेदाराने ‘तपासून’ पुढे पाठवलेला अहवाल स्वीकारू नये.

संघात प्रक्रिया-अभियंता, उपकरण-अभियंता, देखभालीचा माणूस आणि मालकाकडचा अनुभवी ऑपरेटर हवा. ऑपरेटरचा आग्रह मी मुद्दाम धरतो. पावसाळ्यात कोणता व्हॉल्व्ह अडकतो, रात्रपाळीत कोणता अलार्म सारखा वाजतो म्हणून बंद करून ठेवला जातो आणि नमुना काढताना माणूस नेमका कुठे उभा राहतो, हे त्यालाच माहीत असते. त्याची हजेरी करारात लिहिली नसेल, तर ‘पाळी सोडून येता येत नाही’ म्हणून तो वगळला जातो. बैठक दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त चालवू नये, कारण लक्ष उडालेला संघ उरलेले आराखडे भराभर उलटून मोकळा होतो.

पुष्कळ पुरवठादार तंत्रज्ञान गोपनीय असल्याचे सांगून काही भागांचे पी अँड आय डी देत नाहीत. त्यावर गोपनीयतेचा स्वतंत्र करार करावा, कागद बैठकीच्या खोलीबाहेर जाणार नाहीत हे मान्य करावे, पण एकही भाग अभ्यासातून वगळला जाणार नाही ही अट सोडू नये.

चौथी पायरी: शिफारशीचा खर्च

सगळे कलम इथे तरते किंवा बुडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा, ठोक किमतीच्या करारावर एक नायट्रेशनचा रिॲक्टर उभा राहतो आहे. रिॲक्टरमध्ये ढवळणी चालू असताना वरून मिश्र आम्ल (नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे मिश्रण) हळूहळू सोडायचे आणि बाहेरच्या जॅकेटमधून थंड ब्राइन (खारे पाणी) फिरवून उष्णता काढून घ्यायची, अशी प्रक्रिया आहे. हॅझॉपमध्ये संघ ‘ढवळणी नाही’ या विचलनावर येतो. कारण: मोटर ट्रिप झाली किंवा शाफ्टची कपलिंग तुटली. परिणाम: आम्ल पडतच राहते, पण मिसळत नाही. त्याचा वेगळा थर साचतो आणि अभिक्रिया होत नसल्यामुळे तापमानही वाढत नाही, म्हणजे तापमानाचा अलार्म गप्पच राहतो. थोड्या वेळाने कोणीतरी पाहते, मोटर पुन्हा सुरू करते, साचलेले सगळे आम्ल एकदम मिसळते आणि काही क्षणांत उष्णतेचा असा लोट उसळतो की ब्राइनला तो आवरणे शक्य नसते. सध्याचे संरक्षण म्हणून नोंदवहीत फक्त मोटर बंद झाल्याचा दिवा आहे, आणि कपलिंग तुटली असेल तर मोटर चालूच असल्यामुळे तोही लागत नाही. शिफारस: शाफ्टच्या फिरण्यावर स्वतंत्र संवेदक बसवावा आणि ढवळणी थांबताच आम्लाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा. हा इंटरलॉक, म्हणजे अशी आपोआप चालणारी अडवणूक, रोजच्या नियंत्रण-प्रणालीपासून वेगळा असावा आणि साचलेल्या आम्लाचा विचार केल्याशिवाय ढवळणी पुन्हा सुरू करता येऊ नये.

आता व्हॉल्व्ह, त्याचा ॲक्च्युएटर, संवेदक, पॅनेलमधले बदल, केबल, चाचणी, असा हा खर्च कोणाचा? ठेकेदार म्हणतो, निविदेतल्या तपशिलात हा इंटरलॉक नव्हता, म्हणून जादा पैसे आणि जादा वेळ द्या. मालक म्हणतो, सुरक्षित प्लांट देणे तुमचेच काम. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि तारीख जवळ येत असताना हा वाद लांबला, की इंटरलॉकच्या जागी ‘ऑपरेटरने लक्ष ठेवावे’ अशी एक सूचना येऊन बसते.

यावर मला समाधानकारक वाटलेली विभागणी अशी आहे. शिफारस जर मानकाचे, निविदेतल्या तपशिलाचे किंवा अशा प्लांटसाठी रूढ असलेल्या अभियांत्रिकी पद्धतीचे उल्लंघन दुरुस्त करण्यासाठी असेल, तर खर्च ठेकेदाराचा आणि वेळवाढ नाही. माझ्या मते वरचे उदाहरण यातच बसते. शिफारस मालकाने कच्चा माल, क्षमता किंवा पद्धत बदलल्यामुळे उद्भवली असेल, तर खर्च मालकाचा आणि बदल-आदेश रीतसर निघेल. या दोन्हींत न बसणाऱ्या शिफारशींसाठी निविदेतच एक राखीव रक्कम ठेवावी, तीतून त्या भागवाव्यात आणि ती संपली तर दोन्ही पक्षांचे ठरावीक अधिकारी ठरावीक दिवसांत निर्णय देतील असे लिहावे. शिफारस कोणत्या गटातली, यावर एकमत झाले नाही तर अध्यक्षाचे मत तात्पुरते बंधनकारक मानावे. आणि या सगळ्यावर एक वाक्य हवे, जे मी कोणत्याही मसुद्यात सोडणार नाही:

‘जोखीम-तक्त्यानुसार उच्च वर्गात नोंदवलेली प्रत्येक शिफारस, तिच्या खर्चाविषयी वाद प्रलंबित असला तरी, प्लांटमध्ये घातक रसायन प्रथम आणण्यापूर्वी अमलात आणली जाईल. खर्चाचा निर्णय नंतर होईल व तोवर दोन्ही पक्ष त्या कामाच्या साहित्याची व मजुरीची स्वतंत्र नोंद ठेवतील.’

राखीव रकमेबद्दल आणखी एक सांगतो. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अभ्यासाचा खर्च एकूण किमतीत मिसळलेला असेल, तर दर कमी करताना बोलीदार सर्वांत आधी तोच कापतो. म्हणून अभ्यास आणि शिफारशींची तरतूद ही दरपत्रकात मालकाने आधीच छापलेली, सर्व बोलीदारांना सारखी असलेली रक्कम असावी. मग तिच्यावर स्पर्धाच होत नाही.

पाचवी पायरी: बिल कशावर निघेल

अहवाल हाती असणे म्हणजे धोका टळणे नव्हे, याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच देशात आहे. १९८२ च्या मे महिन्यात भोपाळच्या कारखान्याची सुरक्षा-पाहणी मूळ अमेरिकन कंपनीच्या तज्ज्ञांनी केली होती आणि अहवालात अनेक त्रुटी नोंदवल्या होत्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायू सुटला, तेव्हा टाकीची शीतकरण-यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची पाइपलाइन जोडलेली नव्हती.

म्हणून अभ्यासाच्या रकमेचा लहान भाग अहवालावर आणि मोठा भाग शिफारशी निकाली निघाल्याच्या पडताळणीवर द्यावा. साठ टक्के पडताळणीनंतर, असे मी सुचवीन. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार व्यक्तीचे पद, तारीख आणि पुरावा लिहिलेला असावा. पुरावा म्हणजे ‘पूर्ण’ हा शब्द नव्हे, तर सुधारित आराखड्याचा क्रमांक, चाचणीचा कागद किंवा जागेवरचे छायाचित्र. शिफारस नाकारण्याचा अधिकार मालकाला असावा, पण नाकारण्याचे कारण, त्याऐवजी केलेली योजना आणि सही हे तिन्ही नोंदवहीत आल्याशिवाय ती निकाली निघू नये. प्लांट सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीत हीच नोंदवही हातात घेऊन दोन्ही पक्षांनी जागेवर फिरावे आणि त्या तपासणीवर सही झाल्याशिवाय कार्यपूर्तीचे प्रमाणपत्र देऊ नये.

उशिरासाठी ठरावीक भरपाई लिहिताना ती मालकाला होणाऱ्या खऱ्या नुकसानीच्या वाजवी अंदाजाशी जुळती ठेवावी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, त्यामुळे भीती घालण्यासाठी लिहिलेला प्रचंड आकडा उपयोगी पडत नाही.

नंतरचे फेरबदल

एकदा अभ्यास झाला की तो त्या आराखड्यापुरता असतो. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे कॅप्रोलॅक्टम बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसे दगावली. हे रसायन बडोदेकरांना परके नाही, आपल्या जी.एस.एफ.सी. या खत कारखान्यातही ते तयार होते. फ्लिक्सबरोत ओळीतल्या सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा व सहावा जोडण्यासाठी तात्पुरता वाकडा पाइप बसवला. त्याची रचना धडपणे तपासली गेली नव्हती. त्याचे रेखाचित्र म्हणून होते ते वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेले. त्यामुळे करारात ‘तात्पुरता’ बदलही बदलच मानला जाईल, मंजूर आराखड्यापासून जागेवर केलेला कोणताही फरक आधी लेखी कळवला जाईल आणि अध्यक्षाला गरज वाटल्यास तेवढ्या भागाचा पुन्हा हॅझॉप होईल, असे कलम हवे. हीच अट उपठेकेदारांच्या करारांत जशीच्या तशी उतरवण्याची जबाबदारी मुख्य ठेकेदारावर टाकावी.

जबाबदारी लिहून देता येत नाही

काही मालकांना वाटते, की ‘अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील’ असे एक कलम टाकले की आपण सुटलो. ठेकेदाराकडून नुकसानभरपाईची हमी जरूर घ्यावी, पण ती दोन पक्षांपुरती असते. कायद्यापुढे कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला, जबाबदारच राहतो. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत ऑलियम वायूची गळती झाली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की घातक उद्योग चालवणाऱ्यावर त्यातून होणाऱ्या हानीची पूर्ण जबाबदारी आहे आणि तिला अपवाद नाहीत. म्हणून मालकाने अभ्यासात स्वतः बसणे, शिफारशींवर स्वतः सही करणे आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवणे हे त्याचे कामच आहे.

लहान कामांचे ठेके

पत्र्याचे छप्पर बदलणे, टाकी साफ करणे, रंगकाम, अशा ठेक्यांना हॅझॉप लागत नाही. तिथे कामाच्या पायऱ्यांनुसार धोका मांडणारा एक-दोन पानांचा कागद पुरतो, पण त्याशिवाय वर्क परमिट मिळणार नाही असे कार्यादेशात लिहिलेले हवे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या बंद टाकीत उतरण्याचे काम यांत सर्वांत जास्त जीव घेणारे आहे. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड वायू वर येतो. पहिला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो. कार्यादेशात चार गोष्टी नावानिशी घालाव्यात: उतरण्यापूर्वी आणि काम चालू असताना मीटरने वायू-तपासणी, त्यात प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर असणे आणि विषारी व ज्वालाग्राही वायू मर्यादेच्या आत असणे. वर उभा असलेला, जागा न सोडणारा राखणदार. तिकाटणे (ट्रायपॉड), दोर आणि हार्नेस, म्हणजे आत न उतरता माणसाला वर ओढता येईल अशी सोय. आणि श्वसन-उपकरण घातल्याशिवाय बचावासाठीही कोणी उतरणार नाही ही सक्त मनाई. मीटर कोणाचा आणि त्याचे कॅलिब्रेशन कोण करून आणणार हेही लिहावे, नाहीतर ऐन वेळी तो कोणाकडेच नसतो.

कामगारांना समजावून सांगायचा भाग गुजराती आणि हिंदीत असावा. आपल्याकडच्या ठेक्यांवर दाहोद-पंचमहालापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे असतात. इंग्रजी कागदावर घेतलेल्या त्यांच्या अंगठ्याला सुरक्षेच्या दृष्टीने काही किंमत नाही. धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला असेल, त्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार नाही आणि थांबलेला वेळ ठेकेदाराच्या उशिरात धरला जाणार नाही, हे वाक्य त्याच कागदावर वर ठेवावे.

शेवटी कागदपत्रांची सोय. अभ्यासाच्या मूळ संगणकीय फाइली, केवळ पीडीएफ नव्हेत, मालकाच्या मालकीच्या राहतील असे लिहून घ्यावे, कारण पुढच्या फेरबदलाच्या वेळी त्याच उघडाव्या लागतात. १९८९ च्या नियमांखाली येणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र सुरक्षा-लेखापरीक्षण करून घेऊन त्याचा अहवाल ३० दिवसांत अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो आणि तो दर वर्षी अद्ययावत करावा लागतो, तेव्हा त्या परीक्षकालाही ही नोंदवही दाखवण्याची मुभा करारात असावी. हॅझॉपचे पुनरावलोकन दर पाच वर्षांनी करण्याची रीत अमेरिकेच्या प्रक्रिया-सुरक्षा नियमांतून रूढ झाली आहे. बांधकामाचा करार तोवर संपलेला असतो, म्हणून हे कलम वार्षिक देखभालीच्या करारात घालावे आणि त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याची रक्कम आधीच धरून ठेवावी.